मास्तरांनी गिळलेली टाचणी

मूग गिळून गप्प बसणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. शिंपी मास्तरांचं उलटं होतं. ते जन्मभर गप्प बसले ते टाचण्यांमुळे, आणि बोलायला लागले तेही एक टाचणी गिळल्यामुळेच.

त्यांचं दुकान चौकाच्या कोपऱ्यावर, बेकरीच्या बरोब्बर समोर. पुढे काचेची खिडकी, खिडकीशी दोन मशीन, मध्ये कापड कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात पडदा आणि पडद्यामागे माणसाला आहे त्यापेक्षा थोडं बारीक दाखवणारा आरसा. वरच्या दोन खोल्यांत संसार. एका मशीनवर मास्तर आणि खिडकीकडच्या खुर्चीत त्यांची बायको, काजं करत. तिची काजं म्हणजे बघत राहावीत. कोट फाटेल, पण काज उसवणार नाही. मास्तरांना हे माहीत होतं. फक्त त्यांनी ते कधी तिला सांगितलं नव्हतं.

सांगणार कसं? तोंडात टाचण्या!

ही खोड सासऱ्यांची. मास्तर त्यांच्याच हाताखाली कात्री धरायला शिकले आणि पुढे त्यांचेच जावई झाले. म्हातारा म्हणायचा, "एका हातात कापड, एका हातात टेप. मग टाचण्या कुठे ठेवशील? तोंड काय नुसतं जेवायला दिलंय देवानं?" डोकी ओठांबाहेर, टोकं आत, अशी टाचण्यांची रांग मास्तरांच्या तोंडात सकाळी जी बसायची ती थेट जेवायला उठायची. गिऱ्हाईक काही बोललं की मास्तर म्हणायचे, "हं." होकाराचा हं आखूड, नकाराचा लांब, आणि "पैसे पुढच्या आठवड्यात देतो" म्हणणाऱ्यासाठी एक खास नाकातला हं. गावानं त्यांना 'हं मास्तर' असंच नाव ठेवलं होतं.

अशा माणसापुढे लोक काय वाटेल ते बोलतात. माप द्यायला हात वर केले की माणसाच्या पोटातलं आपोआप ओठावर येतं. कुणाचं कुणाशी बिनसलं, कुणाच्या सुनेनं कुणाचा पाणउतारा केला, सगळं मास्तरांच्या कानात जाई आणि तिथंच राही. त्यांचं पोट म्हणजे गावची तिजोरी होती. तिजोरीत एक दिवस टाचणी जाऊन पडेल असं मात्र कुणाला वाटलं नव्हतं.

कुणाला म्हणजे, एक सोडून. बायको रोज सकाळी शटर वर गेलं की म्हणायचीच, "अहो, एक दिवस गिळाल." फार वर्षांपूर्वी तिनं मनगटावर बांधायची एक मखमली उशी शिवून दिली होती, टाचण्या टोचायला. मास्तर ती रोज न चुकता टेबलावर ठेवत आणि तिच्यावर खडू ठेवत.

तर त्या दिवशी सकाळी बेकरीवाल्या काकू नव्या कोटाच्या ट्रायलला आल्या. काकू म्हणजे गावचं वर्तमानपत्र, फरक एवढाच की वर्तमानपत्र दिवसातून एकदा निघतं. स्टुलावर हात पसरून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या.

"परवाचं ऐकलंत का मास्तर? बँकेतले साहेब आले होते दुकानात. आता त्यांचे केस त्यांचे नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, फक्त कुणाला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं. वाकून केक बघायला गेले आणि शिंकले. टोप थेट ट्रेमध्ये! आणि मागे ती आजी उभी, दिसत नाही बिचारीला धड. मला म्हणते कशी, 'तो काळा नको गं बाई, फार करपलाय. दुसरा दे.'"

मास्तर हसले.

आता हसणं काही गुन्हा नाही. पण हसण्याआधी माणूस श्वास आत ओढतो, आणि मास्तरांनी तो टाचण्यांसकट ओढला. घशात काहीतरी गार लागलं, त्यांनी घाबरून आवंढा गिळला, आणि झालं. दुखलं नाही, टोचलं नाही. फक्त जिभेनं ओठांमागून एक चक्कर मारली आणि तिला डाव्या कोपऱ्यातली जागा रिकामी सापडली.

मास्तर गुडघ्यांवर बसले. टेबलाखाली दोरीला बांधलेला घोड्याच्या नालासारखा लोहचुंबक असे, पडलेल्या टाचण्या वेचायला. तो त्यांनी फरशीवरून फिरवला, स्टुलाखालून फिरवला, काकूंच्या बुटांभोवतीसुद्धा फिरवला. चुंबकाला दोन जुन्या टाचण्या आणि एक हूक चिकटला. निळ्या डोक्याची ती लांब टाचणी काही मिळाली नाही.

"काय हरवलं मास्तर?"

"हं," मास्तर म्हणाले. हा हं आखूडही नव्हता, लांबही नव्हता. काकूंनी तो पूर्वी ऐकलेला नव्हता.

त्या क्षणापासून मास्तरांच्या पाचावर धारण बसली. दुसऱ्या कुणी टाचणी गिळली असती तर तो घाबरला असता, पण मास्तरांइतका नाही. कारण टाचणी काय करते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? उभा जन्म त्यांनी तिला कापडातून आरपार जाताना पाहिलं होतं. जोर लागत नाही. नुसतं टेकवलं की जाते. जाड लोकरीतून जाते, दुहेरी अस्तरातून जाते, आणि कापड काही 'थांब' म्हणत नाही. मग आपल्या पोटात असं काय मोठं कापड लावलंय?

बायकोला सांगावं? ओठांपर्यंत आलं आणि परत फिरलं. "सांगितलं होतं ना" हे शब्द ऐकायची त्यांना मरणाइतकीच भीती वाटत होती. मास्तर मनाशी म्हणाले, टाचणी जिथं आहे तिथं राहिली तर भोक पडणार नाही. ती हलते कशानं? वरून अन्न पडतं म्हणून. तेव्हा खायचंच नाही. आणि तरी हलली तर? तर तिला धरून ठेवायचं.

टाचणी धरून ठेवायला काय लागतं, हे शिंप्याला सांगायला नको. पडद्यामागे जाऊन मास्तरांनी तो लोहचुंबक शर्टाखाली बेंबीच्या वर ठेवला आणि नाडीनं पोटाला घट्ट आवळला. असा उपाय डॉक्टरला सुचणार नाही, लोहाराला सुचणार नाही. शिंप्यालाच सुचायचा.

दुपारी जेवले नाहीत. "पोट जड आहे," म्हणाले. रात्रीही जेवले नाहीत. मग पोट बोलायला लागलं. आधी हळू, मग असं गुरगुरलं की बायकोनं अंथरुणातून विचारलं, "खाली मांजर शिरलंय का हो?" मास्तर घामाघूम. त्यांना वाटलं, टाचणीनं शिवण उसवली आणि आता आतलं सगळं वाहतंय.

सकाळी दुकान उघडलं. मास्तर काउंटरशी टेकून उभे, चेहरा खडूसारखा पांढरा. बायकोनं धागे कापायची छोटी कात्री पुढे केली. "ही घ्या, बाह्यांचे धागे राहिलेत." मास्तरांचा हात पोचायच्या आत कात्री तिच्या हातातून सुटली, हवेत वळली आणि टक्क करून मास्तरांच्या पोटाला चिकटली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले. कात्री पडेना.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे काय आहे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आत एकही टाचणी नव्हती. आणि मग त्यांनी तिला लग्नानंतरचं सगळ्यात लांब वाक्य ऐकवलं. त्यात काकू होत्या, बँकेतले साहेब होते, टोप होता, निळी टाचणी होती, उपास होता, चुंबक होता, आणि शेवटी, "मला वाटतं मी मरणार गं."

बायको 'सांगितलं होतं ना' म्हणाली नाही. तिनं शटर खाली ओढलं. तेवढ्यानं मास्तर जास्तच घाबरले, कारण भर सकाळी शटर खाली आलेलं त्यांनी फक्त सासरे गेले तेव्हा पाहिलं होतं.

दवाखाना दोन गल्ल्या टाकून. डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला फटकळ, त्यांचे पांढरे कोट मास्तरच शिवायचे. त्यांनी ऐकून घेतलं, एक्स-रे काढला आणि तो उजेडाच्या पाटीवर लावला. राखाडी धुक्यात मास्तरांच्या पाठीचे मणके दिसत होते, त्यांवर चुंबकाचा नाल आणि कात्री, आणि मणक्यांच्या बाजूला एक पांढरी, सरळ, नेटकी रेघ. मास्तरांनी ती लगेच ओळखली. आपल्या हातची वस्तू माणूस ओळखतोच.

"टोक पुढे आहे," ते म्हणाले.

"हो. आणि आता ती जठरात नाही, पुढे गेलीय. लहान आतड्यात." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "कालच्या काल का नाही आलात? तोंडातून नळी घालून जठरातूनच उचलून काढली असती."

"पण मी तर हलू दिली नाही तिला. काही खाल्लंच नाही!"

"तिथेच घोटाळा केलात. मास्तर, जठर म्हणजे काय नुसती पिशवी वाटली का तुम्हाला? त्याला खालच्या तोंडाशी एक दार असतं. पोटात अन्न असलं की ते दार जवळजवळ मिटलेलं. जठर अन्न घुसळतं, आंबट रस ओततं, त्याची पेज करतं, आणि दार किलकिलं करून पेज तेवढी घोट घोट खाली सोडतं. मोठं काही आलं की परत मागे ढकलतं. तुम्ही पोटभर जेवला असतात तर तुमची टाचणी त्या गर्दीत बराच वेळ अडकून राहिली असती. पण रिकामं जठर काय करतं माहितीय? स्वतःला झाडून काढतं. थोड्या थोड्या वेळानं वरून खालपर्यंत अशी एक जोरदार लाट येते, दार उघडतं, आणि राहिलेला सगळा केरकचरा बाहेर. पोट गुरगुरलं असेल ना रात्री?"

"मांजरासारखं," बायको म्हणाली.

"ती केरसुणी. झाडला तुमचा केर."

मास्तरांनी खुर्चीचा हात धरला. म्हणजे रात्री जे ऐकलं ते टाचणी दाराबाहेर काढल्याचं होतं, आणि ते दार आपणच उपाशी राहून उघडलं होतं.

"आणि हा चुंबक काढा आधी! आतड्याच्या भिंतीवर आपल्या हातानं टोक ओढून घेताय. शहाणे आहात."

चुंबक सुटला तशी कात्रीही सुटली. मास्तरांना उघडं पडल्यासारखं वाटलं.

"तशी नशीबवान आहे तुमची टाचणी," डॉक्टरीणबाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "घशात दोन वाटा असतात, पुढची श्वासाची, मागची अन्नाची. हसताना श्वासाची उघडी होती. तुम्ही घाबरून आवंढा गिळलात म्हणून तिच्यावर झाकण पडलं, नाहीतर आज आपण वेगळंच बोलत असतो. एकदा अन्ननलिकेत शिरलं की मग परत वर यायचं नाव नाही. ती नळी वरून आवळत आवळत घास खाली नेते, तुम्ही उलटे टांगलेले असलात तरी."

"आणि आता?"

"आता सहा-सात मीटर लहान आतडं, वेटोळी घालून बसलेलं. सुरुवातीला यकृताकडून पित्त येतं, स्वादुपिंडाचा रस येतो, त्यानं जठरातला आंबटपणा मरतो आणि अन्न विरघळतं. टाचणी काही विरघळायची नाही. तिनं फक्त वाट चालायची. मग उजवीकडे खाली एक अरुंद झडप, तिच्यापलीकडे मोठं आतडं. तिथे पोचली की मी निर्धास्त."

"भोक पडलं तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "पडू शकतं. क्वचित. मग पोट उघडावं लागतं, आणि लगेच. पण आतड्याला अक्कल असते हो. टोक टोचलं की तेवढीच भिंत आखडून मागे सरते, तिथे खळगा पडतो, आणि पुढे ढकलता ढकलता टाचणी हळूहळू फिरून डोक्याकडून चालायला लागते. बहुतेक वेळा."

मास्तरांनी 'बहुतेक' एवढंच ऐकलं. कापड मागे सरतं? चाळीस वर्षं कापड हाताळलं, एक तरी कापड टाचणीला बघून मागे सरलं होतं?

हुकूम झाला: भरपूर खायचं, भाज्या, कोंडा, चोथा. रोज येऊन फोटो काढायचा. जुलाबाचं औषध अजिबात नाही. पोट दुखलं, ताप आला, उलटी झाली, तर धावत यायचं.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. कसं कळलं हे विचारू नका, बेकरी समोरच आहे. काकू रडत आल्या, कोंड्याच्या पावाची टोपली घेऊन. "माझ्या जिभेनं माणूस मारला हो! आता पुन्हा मी कुणाची गोष्ट सांगणार नाही." आणि त्याच दमात, "पण एक सांगते, माझ्या चुलतभावाच्या मित्रानं सुई गिळली होती, ती दोन वर्षांनी गुडघ्यातून निघाली!"

त्यांच्यामागोमाग सगळे आले. येणारा प्रत्येक जण एक टाचणी, एक सुई, एक खिळा घेऊन आला, आणि एकाही गोष्टीतला माणूस शेवटी धड राहिलेला नव्हता. ज्यांनी जन्मभर मास्तरांच्या पोटात आपली गुपितं टाकली, ते आता त्याच पोटाकडे टकामका बघत होते. मास्तर खुर्चीत ताठ बसून. वाकायची भीती, शिंकायची भीती. खोकला आला तर तो ते दोन हप्त्यांत खोकायचे.

शेवटी मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, नळ दुरुस्त करणारा. नळांच्या बाबतीत पक्का, पण जगात नळाशिवाय दुसरं काही आहे यावर त्याचा विश्वास नव्हता.

"भाऊजी, पाइप तो पाइप," त्यानं एरंडेलाची बाटली टेबलावर ठेवली. "अडकलं की मागून दाब द्यायचा. एक घोट, सकाळी मोकळे."

"डॉक्टर नको म्हणाल्यात," बायको म्हणाली.

"डॉक्टरांनी कधी गटार उघडलंय, ताई?"

"तुझा पाइप लोखंडाचा. आत टोकदार काही असलं नि तू दाब दिलास, तर पाइपला कळतं का बाजूला व्हायचं? यांच्या आतड्याला कळतं, असं त्या म्हणाल्या. उगीच धसमुसळेपणा करून घाई केलीस तर ते तरी कसं सांभाळणार?"

मेहुणा गेला, पण बाटली त्यानं नेली नाही. ती टेबलावरच राहिली, मास्तरांच्या समोर.

दुसऱ्या दिवशीच्या फोटोत रेघ बरीच खाली सरकलेली. तिसऱ्या दिवशी ती खाली उजवीकडे, झडपेच्या कोपऱ्यात. टोक अजून पुढेच. आणि त्याच दुपारी मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं.

आधी कळ बारीक होती. मग पीळ पडला, बरोब्बर उजवीकडे खाली, जिथे डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं होतं तिथेच. मास्तरांनी कापलेल्या कापडावर हात टेकले. त्यांच्या डोळ्यांपुढे ते आतलं अस्तर आलं, ओलं, पातळ, आणि त्यावर टेकलेलं टोक. जोर लागत नाही. नुसतं टेकवलं की जाते. बायको वर स्वयंपाकघरात होती. समोर एरंडेलाची बाटली. एक घोट घेतला तर निदान काहीतरी हलेल, ही वाट बघणं तरी संपेल. त्यांनी बूच काढलं. त्या उग्र वासानं पुन्हा पीळ आला. आणि कोण जाणे कशानं, ते ओरडले. 'हं' नाही, चांगलं तोंड उघडून.

"अगं ए! खाली ये! मला एकट्याला भीती वाटतेय!"

बायको ताटातला हात तसाच घेऊन धावत आली. बाटली तिनं मोरीत उलटी केली, आणि त्यांना धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. ताप नव्हता. पोट मऊ होतं, पण कोपऱ्यात हात लागताच मास्तर कळवळले. पुन्हा फोटो. टाचणी सकाळी जिथे होती तिथेच. त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. ते आले, फोटो पाहिला, चष्मा पुसला. "झडपेशी अडली आहे. शेजारीच अपेंडिक्स, ती आंधळी गल्ली. त्यात शिरलं तर बाहेर पडायला वाट नाही. उद्या सकाळपर्यंत थांबू. हलली नाही, किंवा ताप चढला, तर उघडू."

उघडू. मास्तरांनी जन्मात किती शिवणी उघडल्या असतील. हा शब्द किती साधा वाटायचा!

त्यांना दवाखान्यातच ठेवलं. खिडकीबाहेर संध्याकाळ होत होती. भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात सलाइनचा स्टँड, आणि लोखंडी स्टुलावर बायको. मास्तरांनी तिचा हात धरला तो असा, की बोटं पांढरी पडली.

"बोला," ती म्हणाली. "गप्प राहिलात तर आत ऐकत बसाल."

मग मास्तर बोलले. भीतीनं बोलले, थांबले तर काहीतरी होईल म्हणून बोलले. तिच्या वडिलांच्या हातच्या पहिल्या थोबाडीपासून सुरुवात केली. गल्लीतल्या कुठल्या कोटाचं कापड आधी उलटं कापलं होतं, ते सांगितलं. आणि मध्येच थांबून, छताकडे बघत म्हणाले, "तुझ्या काजांसाठी लोक येतात. मी शिवतो म्हणून नाही. मला हे पहिल्यापासून माहितीय."

बायको पदरानं नाक पुसत म्हणाली, "हे सांगायला टाचणीच गिळायला हवी होती का?"

"तोंडात होत्या ना."

"तोंडात होत्या म्हणे! काढायच्या होत्या एखाद दिवस."

मास्तर हसले आणि लगेच घाबरून पोट धरलं. पहाटेपर्यंत कळ येत राहिली, जात राहिली. नर्स येऊन ताप बघून जाई, आणि प्रत्येक वेळी मास्तर तिच्या चेहऱ्याकडे असे बघत, जसा आरोपी न्यायाधीशाकडे बघतो.

सकाळी फोटो. डॉक्टरीणबाईंनी तो पाटीवर लावला आणि जवळ वाकून पाहिला. मोठे डॉक्टरही पुढे झाले. मास्तर चाकाच्या खुर्चीत. त्यांना त्या धुक्यात आधी रेघ सापडेनाच. कोपऱ्यात नव्हती.

"इथे बघा," डॉक्टरीणबाईंनी बरंच वर, उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. "झडप ओलांडली. मोठ्या आतड्यात गेली. चढणीला लागलीय."

मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना दुसरंच काही दिसत होतं. रेघेच्या पुढच्या टोकाला तो बारीक ठिपका. डोकं. टाचणी फिरली होती. कुणी बोटांनी धरावी, उलटी करावी आणि टोक मागे ठेवून जपून पुढे द्यावी, तशी. जसं ते स्वतः गिऱ्हाइकाच्या अंगावर टाचणी लावताना टोक बाहेर वळवतात.

"सरलं," ते पुटपुटले. "कापड मागे सरलं."

"आणि कळ?" बायकोनं विचारलं.

मोठ्या डॉक्टरांनी घसा साफ केला. त्यांनी पोटाच्या फोटोतले काळे फुगवटे दाखवले. "हा सगळा वायू. इतका कोंडा खायला कुणी सांगितलं यांना?" म्हणजे काकूंच्या पावानं पोट उघडायची वेळ आणली होती. काकूंना हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मास्तरांनी तेवढं एक गुपित पोटात ठेवलंय.

भीती तिथे संपली असती तर बरं झालं असतं. पण मोठं आतडं घाई करत नाही. ते पाणी शोषत बसतं, पातळ लगदा घट्ट करतं, आणि टाचणी आता त्यात गुंडाळून, गादीत घातल्यासारखी, सावकाश वर, मग आडवी, मग खाली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता घरी जा. मास्तर घरी गेले, पण जीव अजून टांगणीला. रोज सकाळी बायको मोरीच्या दाराबाहेर उभी, आणि आत एक झाकणाचं भांडं. आत मास्तर जीव मुठीत धरून. काम झालं की बायको प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून भांड्यात फिरवी. आपल्या नवऱ्यासाठी बायका काय काय करतात याच्या यादीत हे कुणी लिहिणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवलेलं बरं.

पहिल्या सकाळी काही नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. मास्तर म्हणाले, "गुडघ्यात गेली." बायको म्हणाली, "गप बसा."

त्याच्या पुढच्या सकाळी टक्क झालं.

बारीकसाच आवाज, पण मास्तरांनी दाराआडून ऐकला आणि मोरीच्या उंबऱ्यावरच बसले. बायकोनं ती गरम पाण्यात धुऊन आणली. निळं डोकं कसंबसं निळं, बाकी सगळी काळपट पडलेली, टोकाची चकाकी गेलेली. मास्तरांनी ती तळहातावर घेतली आणि अंगठ्याच्या पेरावर टेकवून पाहिली. टोचली. लगेच टोचली. त्यांनी पुन्हा एकदा पोटावर हात ठेवला, जरा आदबीनं, एखाद्या जुन्या कारागिराच्या खांद्यावर ठेवावा तसा.

बायकोनं टेबलावरची मखमली उशी उचलली, तिच्यावरचा खडू झटकला आणि मास्तरांच्या मनगटाला बांधली. नाडीला तिनं कित्येक वर्षांपूर्वीच काज केलं होतं. बटण आजही घट्ट बसलं.

तेव्हापासून मास्तरांचं तोंड रिकामं आहे, आणि ते बोलतात. ट्रायलला आलेला माणूस हात वर करून उभा असतो आणि मास्तर त्याला जठराचं दार समजावत असतात. इकडे गुपितं सांगायला यायचं लोकांनी बंद केलं, सांगायला फट मिळत नाही. काकूसुद्धा म्हणतात, "जरा मला बोलू द्या की हो मास्तर!" बायको खिडकीतून एखाद दिवस बरणीत जपून ठेवलेली तीच काळपट टाचणी उचलून लांबूनच त्यांना दाखवते. "धरता का ओठात? थोडा वेळ?"

पण मध्येच, बोलता बोलता, मास्तरांचं पोट कधी गुरगुरतं. तसे ते गप्पकन थांबतात. चेहरा खडूसारखा पांढरा, हात पोटावर, कान आत लागलेले.

"अगं," ते हळूच म्हणतात, "झाडायला लागलं. आधी काहीतरी खायला दे."

ती हातातलं काज अर्धवट टाकून उठते.